सिक्स्थ फॉर्मला आयबी की ए-लेव्हल? लेक एकीकडे, नवरा दुसरीकडे

ओली_छत्री | १४ मार्च, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात. लेक इयर ११ ला आहे, मेमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची परीक्षा. सप्टेंबरपासूनच्या सिक्स्थ फॉर्मसाठी (त्यापुढची दोन वर्षं, इयर १२ आणि १३) दोन ठिकाणच्या कंडिशनल ऑफर हातात आहेत. एक सरकारी ग्रामर स्कूल, तिथे इयर १२ पासून फक्त आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, डिप्लोमा, सहा विषयांचा. दुसरं घराजवळचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज, तिथे नेहमीचे ए-लेव्हल, साधारण तीन विषय.

तिला इतिहास, गणित, केमिस्ट्री आणि स्पॅनिश यातलं काहीच सोडवत नाही. "मला सोळाव्या वर्षी का ठरवायला लावता?" हा तिचा मुद्दा. नवऱ्याचं म्हणणं, "सहा विषय करून सहाही अर्धवट करण्यापेक्षा तीन घे आणि तीन नीट कर." मी बारावी महाराष्ट्र बोर्डातून केलेली, त्यामुळे मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही कळत नाही.

शाळेचं माहितीपत्रक वाचलं. त्यात सगळी मुलं हसतायत, आणि झाडाखाली बसून काहीतरी विचार करतायत. खरी परिस्थिती काय असते? ज्यांच्या घरातून कोणी यातून गेलंय त्यांनी सांगा.

हिशेबनीस | १४ मार्च, रात्री ९:५०

आधी आकडे, म्हणजे भांडायला बरं.

आयबीत सहा विषय, प्रत्येकाला १ ते ७ ग्रेड, म्हणजे ४२. वर एक्स्टेंडेड एसे (मोठा संशोधन निबंध) आणि थिअरी ऑफ नॉलेज (टीओके) मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५. तीन विषय हायर लेव्हल (एचएल), तीन स्टँडर्ड (एसएल). डिप्लोमा हातात पडायला किमान २४ गुण, त्यातले १२ एचएलचे आणि ९ एसएलचे हवेत, आणि बाकी काही अटी. जगभराची सरासरी ३० च्या आसपास असते, त्यामुळे मंडळात कोणी "फक्त बत्तीस पडले हो" म्हणालं तर खांदे पाडू नका.

विद्यापीठांचे अर्ज ज्याच्यामार्फत जातात त्या यूकॅसच्या टॅरिफमध्ये, म्हणजे गुणांच्या तक्त्यात, एचएलचा ७ म्हणजे ५६ पॉइंट, ए-स्टारइतकेच. एचएलचा ६ म्हणजे ४८, ए इतकेच. एसएलचा ७ म्हणजे २८. एचएलला ६-६-६, एसएलला ५-५-५, एसे आणि टीओकेला एक ए आणि एक बी असेल तर १४४ + ४८ + २२ = २१४ होतात. ए-लेव्हलचे तीन ए म्हणजे १४४. कागदावर आयबी पुढे. पण इथेच लोक फसतात. चुरशीची विद्यापीठं टॅरिफ बघतच नाहीत. ऑक्सफर्ड ३८ ते ४० मागतं, केंब्रिज साधारण ४० ते ४२ आणि एचएलला ७-७-६. काही ठिकाणी तर एकूण गुण सोडून फक्त एचएलचे तीन बघतात. मग ते बाकीचे पॉइंट घेऊन काय करायचं? पापड घालून वाळवायचे.

रिकामा_बंड्या | १४ मार्च, रात्री १०:०३

४५ पैकी मार्क म्हणजे आमच्या चाचणी परीक्षेपेक्षा २० जास्त. बाकी मी नुसता वाचायला बसलोय.

शाळामास्तरीण | १४ मार्च, रात्री ११:२७

मी एका सिक्स्थ फॉर्ममध्ये केमिस्ट्री शिकवते. अकरा वर्षं ए-लेव्हल शिकवलं, आता सहा वर्षं आयबी, त्यामुळे दोन्ही घरचं मीठ खाल्लंय.

ओली_छत्री, "सहाही अर्धवट" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर नाही. एचएलला २४० तास ठरवून दिलेत, एसएलला १५०. एचएल केमिस्ट्री केलेलं मूल युनिव्हर्सिटीत ए-लेव्हलवाल्याच्या शेजारी बसलं तर मागे पडत नाही. गणिताचं थोडं वेगळं आहे. तिथे एए हा आयबीचा गणिताचा कोर्स एचएलला ए-लेव्हल मॅथ्सच्या पुढे जातो, पण मॅथ्स आणि फर्दर मॅथ्स (वरच्या गणिताचा वेगळा ए-लेव्हल) अशी जोडी केलेल्या मुलाइतकं नाही. ज्याला केवळ गणितच खायचं-प्यायचंय त्यानं फर्दर मॅथ्स देणारं कॉलेज बघावं. हे मी आयबी शिकवत असूनही सांगते.

खरी अडचण अवघडपणाची नाही, गर्दीची आहे. इयर १३ चा ऑक्टोबर डोळ्यांसमोर आणा. ४००० शब्दांचा एसे शेवटच्या मसुद्यात. टीओकेचा १६०० शब्दांचा निबंध डोक्यावर. प्रत्येक विषयाचं इंटर्नल असेसमेंट, म्हणजे शाळेतच तपासलं जाणारं काम, सायन्सला ते २० टक्के. गणिताचं वेगळं, बारा ते वीस पानी. शिवाय यूकॅसचा अर्ज, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज किंवा मेडिसिन असेल तर त्याची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावरच. हुशार मुलं यात बुडत नाहीत असं नाही. बुडतात ती शेवटच्या रात्री जागून काम उरकायची सवय असलेली मुलं, मग हुशार असोत वा नसोत. जीसीएसईला तुमची लेक उजळणी कशी करतेय ते बघा. रोज थोडं करत असेल तर तिला हे झेपेल. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जळत असेल, तर ए-लेव्हलमध्ये ती सवय दोन वर्षं खपून जाते, इथे नाही खपत.

अजून एक. तिच्या चारपैकी एचएल कुठले तीन ते आज विचारा. तीन पटकन सांगता आले तर प्रश्न निम्मा सुटला.

पस्तीस_अधिक_एक | १५ मार्च, सकाळी ८:१५

मी स्वतः आयबी केलंय, ३६ पडले, आता युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. काकू, माहितीपत्रकातल्या झाडाखाली कोणी बसत नाही. तिथे चिखल असतो.

एक्स्टेंडेड एसे मी इतिहासात केला. पहिले तीन महिने मी विषय "दुसरं महायुद्ध" असा ठेवला होता. सुपरवायझर शांतपणे म्हणाल्या, "चार हजार शब्दांत?" मग तो आकसत आकसत एका बंदरातल्या एका संपापर्यंत आला. संपाची पत्रकं बघायला मी ट्रेननं काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो, तिथे पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. सतरा वर्षांचा होतो आणि पहिल्यांदा असं वाटलं की आपण जे वाचतोय ते शिक्षकांनीही वाचलेलं नाही. आज पाच हजार शब्दांचा असाइनमेंट आला की वर्गातली मुलं घाबरतात, मला हसू येतं. ए-लेव्हलवाल्यांना ईपीक्यू हा प्रकल्प करता येतो, तोही साधारण पाच हजार शब्दांचा, पण तो ऐच्छिक. माझ्यासारखा आळशी माणूस ऐच्छिक काही करत नाही.

वाईट बाजू: टीओके. आमच्या शाळेत दोन वर्षांत तीन शिक्षक बदलले आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. "आपल्याला हे कसं माहीत?" हा प्रश्न चांगला आहे, पण शुक्रवारी शेवटच्या तासाला नाही. एक्झिबिशनसाठी तीन वस्तू निवडायच्या असतात. माझा प्रश्न होता "ज्ञान कशाला म्हणायचं", मी आईच्या किचनमधलं कालनिर्णय ठेवलं. परीक्षकाला मागच्या पानावरची रेसिपी कळली असेल की नाही देव जाणे, पण ग्रेड बरी आली.

टेम्सकाठी | १५ मार्च, सकाळी ९:४०

मी विरोधी पक्षाचा. माझ्या मुलानं आयबी पहिल्या टर्मनंतर सोडलं, आणि का ते सांगतो, कारण इथे सगळे हायर लेव्हलच्याच गोष्टी करतायत. आमचं घोडं एसएलनं अडवलं.

त्याला इंजिनिअरिंग हवं होतं. फिजिक्स, गणित आणि इकॉनॉमिक्स एचएल. इंग्रजी साहित्य, बायॉलॉजी आणि एक परकी भाषा एसएल. जीसीएसईला भाषा सोडलेली, त्यामुळे अब इनिशियो, म्हणजे शून्यापासून. सगळ्यांना वाटतं शून्यापासून म्हणजे सोपं. दोन वर्षांत कोऱ्या पाटीपासून संभाषण, निबंध, ऐकणं! पोराचा आठवड्याचा निम्मा वेळ त्याला कधीच न लागणाऱ्या विषयात जाऊ लागला आणि फिजिक्स मागे राहिलं. शाळेनं प्रवेशाच्या वेळी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. जानेवारीत ए-लेव्हलकडे वळला, तोपर्यंत इथल्या मुलांचा एक चतुर्थांश पोर्शन झालेला. ते तीन महिने आम्ही घरात कसे काढले ते आम्हालाच माहीत.

ज्याला आपण काय होणार हे ठाऊक आहे त्याला आयबी शिक्षा आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला ठीक.

शाळामास्तरीण | १५ मार्च, दुपारी १:०५

टेम्सकाठी, तुमचा अनुभव खरा आहे आणि अब इनिशियोबद्दल तर शंभर टक्के सहमत. पण "ठाऊक आहे" हे सोळाव्या वर्षी किती जणांचं टिकतं? माझ्या वर्गातल्या इंजिनिअर व्हायच्या किती मुलांनी शेवटी वेगळंच काही घेतलं, मोजणं सोडलंय.

ओली_छत्रींच्या लेकीला स्पॅनिश येतं आणि आवडतं, त्यामुळे तो खड्डा तिच्या वाटेत नाही.

हिशेबनीस | १५ मार्च, दुपारी १:३०

गणिताचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महागडी चूक सांगतो. आयबीत गणिताचे दोन कोर्स आहेत. अॅनालिसिस अँड अप्रोचेस, म्हणजे एए. आणि अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, म्हणजे एआय. एए मध्ये बीजगणित, कॅल्क्युलस, सिद्धता, आणि पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय. एआय मध्ये स्टॅटिस्टिक्स, मॉडेलिंग, सगळ्या पेपरांना कॅल्क्युलेटर. दोन्ही एचएलला आणि एसएलला मिळतात. इंजिनिअरिंग, गणित, कॉम्प्युटर सायन्स, बऱ्याच ठिकाणी इकॉनॉमिक्सलाही एए एचएल मागतात. काही कोर्स एआय एचएल चालवून घेतात. पण एआय एसएल घेतलं की इंजिनिअरिंगचं दार बंद, आणि हे मुलांना कळतं इयर १३ मध्ये.

रिकामा_बंड्या | १५ मार्च, दुपारी १:४४

नातीनं एआय घेतलंय म्हटल्यावर आमच्या शेजारचे आजोबा पेढे वाटत होते. त्यांना वाटलं रोबोट बनवणार.

वाफाळता_कप | १५ मार्च, संध्याकाळी ६:१०

मेडिसिनसाठी आयबी चालतं का? धाकट्याला डॉक्टर व्हायचंय. आणि पुढेमागे भारतात परत गेलोच तर?

शाळामास्तरीण | १५ मार्च, संध्याकाळी ६:५५

चालतं. केमिस्ट्री आणि बायॉलॉजी दोन्ही एचएल ठेवा, म्हणजे कुठलंच मेडिकल स्कूल हातचं जात नाही. यूकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा वेगळी.

भारताचं मात्र जपून. डिप्लोमाला तिथे बारावीची मान्यता आहे, प्रश्न तो नाही. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात, आणि आयबीच्या नेहमीच्या चौकटीत सायन्स दोनच बसतात. कलेच्या गटाऐवजी दुसरं सायन्स घेता येतं, तिसऱ्याला जागा उरत नाही. खास परवानगी काढावी लागते, आणि शाळेच्या टाइमटेबलमध्ये बसलं तर. परत जायचा विचार पक्का असेल तर इयर ११ मध्येच कोऑर्डिनेटरशी बोला.

नुसता_वाचक | १५ मार्च, रात्री १०:२०

अवांतर होतंय, पण हे प्रकरण इथं आलं कुठून ते मजेशीर आहे. आयबीची संस्था १९६८ साली जिनिव्हात झाली. राजनैतिक अधिकाऱ्यांची आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांची मुलं दर तीन वर्षांनी देश बदलायची, त्यांना कुठल्याही देशात चालेल असा दाखला हवा होता. म्हणजे मुळात हा बदलीवाल्यांच्या मुलांचा अभ्यासक्रम! आमचे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. तेव्हा हे असतं तर.

ब्रिटनमध्ये ते रुजलं वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात. १९६२ साली सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात सुरू झालेलं, आणि १९७१ पासून त्यांनी ए-लेव्हल पूर्ण सोडून आयबीच धरलं. तिथली मुलं समुद्रात बचावकार्याला जायची, आणि आज लाइफबोटवाले वापरतात ती कडक तळाची हवा भरलेली बोट याच कॉलेजात घडली. पहिले हेडमास्तर निवृत्त नौदल अधिकारी होते, त्यांनी पेटंट आरएनएलआय या लाइफबोट संस्थेला एका पौंडाला दिलं. डिप्लोमातला कॅस, म्हणजे क्रिएटिव्हिटी, अॅक्टिव्हिटी, सर्व्हिस, मला त्याच बोटीचा लांबचा नातेवाईक वाटतो.

पुढचा इतिहास सरकारी आहे, म्हणजे आरंभशूर. २००६ मध्ये टोनी ब्लेअरनी प्रत्येक लोकल अथॉरिटीत निदान एक आयबी देणारं सरकारी ठिकाण असेल अशी घोषणा केली. ती विरली. २०२३ मध्ये ऋषी सुनकनी ए-लेव्हल आणि टी-लेव्हल (तांत्रिक शिक्षणाचा समांतर अभ्यासक्रम) एकत्र करून जास्त विषयांचं अॅडव्हान्स्ड ब्रिटिश स्टँडर्ड आणायचं म्हटलं. वर्षभरात सरकार बदललं आणि तेही गेलं. सोळाव्या वर्षी तीन विषयांवर येणं फार अरुंद आहे, हे प्रत्येक पक्षाला पटतं. बदलत मात्र कोणी नाही.

टेम्सकाठी | १५ मार्च, रात्री १०:४१

वाचक साहेब, कॅसचं कौतुक बोटीपर्यंत ठीक. आमच्या घरी कॅस म्हणजे रिफ्लेक्शन. धावायला गेला, रिफ्लेक्शन. वृद्धाश्रमात चहा दिला, रिफ्लेक्शन. श्वास घेतला तरी लिहून अपलोड करायचं. गुण शून्य, पण केलं नाही तर डिप्लोमा नाही.

पस्तीस_अधिक_एक | १५ मार्च, रात्री ११:०२

मी मंडळात लहान मुलांना लेझीम शिकवली, ती माझी कॅस. कोऑर्डिनेटरनं विचारलं, "तुला यातून स्वतःबद्दल काय कळलं?" मी खरं लिहिलं: सहा वर्षांच्या बारा मुलांच्या हातात लोखंडी साखळ्या देऊ नयेत.

आजोळची_सावली | १६ मार्च, सकाळी ७:३०

कोणीतरी सांगा, मातृभाषा घेता येते का यात? भाचीला मराठी वाचता-लिहिता येतं.

शाळामास्तरीण | १६ मार्च, सकाळी ८:०४

आयबीत एक सोय आहे. शाळेत शिकवणारं कोणी नसलं तरी मातृभाषेतलं साहित्य मूल स्वतः अभ्यासून एसएलला देऊ शकतं, शाळा देखरेख करते. कुठल्या भाषा मिळतात ते वेळेआधी शाळेमार्फत विचारावं लागतं, त्यामुळे भाचीचं आत्ताच विचारा. मात्र घरी मराठी बोलणं आणि कवितेवर निबंध लिहिणं यात खूप अंतर आहे. उन्हाळ्यात आजीनं पुस्तकं पाठवून भागत नाही, रोज कोणीतरी सोबत बसावं लागतं.

रिकामा_बंड्या | १६ मार्च, सकाळी ८:३१

एसे आता चॅटजीपीटी लिहीत असेल ना सगळ्यांचे?

पस्तीस_अधिक_एक | १६ मार्च, सकाळी ९:१०

आयबीनं २०२३ मध्येच सांगितलं की बंदी घालणार नाही, पण वापरलं तर संदर्भ द्या, दुसऱ्याचं म्हणून दाखवा. शिवाय एसेसाठी सुपरवायझरबरोबर तीन बैठका असतात, शेवटची तोंडी. रेकॉर्ड ऑफिसातल्या पेन्सिलीबद्दल विचारलं तर तो काय सांगणार?

हिशेबनीस | १६ मार्च, दुपारी १२:१५

ओली_छत्री, एक व्यवहाराची गोष्ट कोणी काढली नाही. सरकारी शाळांना आयबीसाठी मिळणारी वाढीव रक्कम २०२६-२७ पासून थांबणार, असं शिक्षण खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे बरोब्बर तुमच्या लेकीचं वर्ष. हे पैसे जास्तीच्या शिकवणीच्या तासांसाठी असायचे. शाळा फी मागू शकत नाही, मग खर्च कुठून काढणार? डार्टफर्डच्या ग्रामरसारख्या काही सरकारी शाळांचा सगळा सिक्स्थ फॉर्म आयबीवर आहे, त्या सहजासहजी सोडणार नाहीत. पण तुमच्या शाळेला सरळ विचारा: दोन वर्षं सगळे विषय एचएलला चालतील का, वर्गात मुलं किती असतील, स्पॅनिशला शिक्षक कायमचे आहेत का. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा. खाजगी शाळांत हा प्रश्न नाही, पण तिथे जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आहे, त्यामुळे तिकडे बघून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

वाफाळता_कप | १६ मार्च, दुपारी १२:५०

निकाल कधी लागतो? ए-लेव्हलच्या आधी ना?

पस्तीस_अधिक_एक | १६ मार्च, दुपारी १:२०

जुलैच्या पहिल्या आठवड्यात. ए-लेव्हलवाले ऑगस्टच्या मध्यापर्यंत नखं खात बसतात. ऑफरचे गुण थोडक्यात हुकले तर विद्यापीठाशी बोलायला महिनाभर हाताशी असतो. अर्थात तो महिना "थांबा, ऑगस्टात सांगतो" हे ऐकण्यातही जाऊ शकतो. माझ्या मित्राचा गेला.

ओली_छत्री | २१ मार्च, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. आठवडाभर हा धागा घरात मोठ्यानं वाचला गेला. टेम्सकाठींचा प्रतिसाद नवऱ्यानं दोनदा वाचला, मास्तरीणबाईंचा लेकीनं तीनदा.

तुमचा प्रश्न तिला विचारला: एचएल कुठले तीन? तिनं क्षणाचाही विचार न करता इतिहास, केमिस्ट्री, स्पॅनिश म्हटलं. गणित एसएल. मग नवऱ्याचा चेहरा बघून "पण एए" असं जोडलं. म्हणजे इंजिनिअरिंग आपण होऊन गेलं, आणि ते गेल्याचं दुःख फक्त एका माणसाला आहे, तो आत्ता स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात घासतोय.

शाळेत फोन केला. स्पॅनिश एचएलच्या वर्गात सात मुलं असतील म्हणाले. पैशांबद्दल विचारल्यावर बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, आत्ता प्रवेश घेणाऱ्या मुलांचा डिप्लोमा पूर्ण करून देऊ, त्यापुढच्या बॅचचं बोलू शकत नाही. गोलमोल वाटलं नाही मला. कॉलेजची ऑफरही सोडलेली नाही, ऑगस्टात जीसीएसईचे निकाल लागेपर्यंत दोन्ही ठेवता येतात.

आदल्या रात्रीच्या दिव्याचं मात्र मास्तरीणबाई, काय सांगू. जळतो. काल एक वाजता बंद केला मी.

शाळामास्तरीण | २१ मार्च, रात्री ९:३०

एक वाजता काय वाचत होती?

ओली_छत्री | २१ मार्च, रात्री ९:३४

जीसीएसईचं नाही. स्पॅनिश कादंबरी. शब्दकोश मांडीवर घेऊन.

शाळामास्तरीण | २१ मार्च, रात्री ९:३६

मग तो दिवा वेगळा.

टेम्सकाठी | २१ मार्च, रात्री ९:५८

मी माझं मत बदललेलं नाही. पण तिला शुभेच्छा, आणि यजमानांना म्हणावं कधी बोलावंसं वाटलं तर मेसेज करा. भांडी घासत मीही बसलो होतो.

ओली_छत्री | २२ मार्च, सकाळी १०:१२

सांगते. आणि शाळेच्या यादीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे, किंमत बघून छातीत धस्स झालं. कोणाकडे जुना पडून आहे का?

पस्तीस_अधिक_एक | २२ मार्च, सकाळी १०:२०

माझा आहे. चालतो. बॅटरीचं झाकण हरवलंय, तिथे सेलोटेप आहे. पोस्टानं पाठवतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.